बोलत नाही की ऐकत नाही?

तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीत लहान मुले पुष्कळ असतात. कुणाचे जावळ काढायचे असते, कुणाचा नवस फेडायचा असतो. महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांची ही कुलस्वामिनी. घरात नवे मूल आले की त्याला एकदा देवीच्या पायावर घालून आणायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या गर्दीत अधूनमधून एखाद्या कुटुंबाचे गाऱ्हाणे वेगळे असते. मूल अडीच-तीन वर्षांचे झाले आहे, हसते, खेळते, पायऱ्या धावत उतरते. पण बोलत नाही. आई देवीपुढे पदर पसरते आणि मुलासाठी वाचा मागते.

या मागणीला हसण्याचा आम्हाला काही अधिकार नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या आईला जाण्यासारखे दुसरे ठिकाण शेकडो मैलांत नव्हते. आज ते आहे. तरीसुद्धा अनेक मुले पहिलीच्या वर्गात येऊन बसेपर्यंत त्यांच्या न बोलण्याचे कारण कुणी शोधलेले नसते. न बोलणाऱ्या मुलासाठी माणसाने आजवर कुठे कुठे मदत शोधली, तो शोध कुठे चुकला आणि कुठे वाटेवर आला, याचा इतिहास आपण या लेखात पाहू. हा इतिहास शिक्षकांना माहीत असावा, कारण त्याच्या शेवटच्या टप्प्यावर शिक्षकच उभा आहे.

घरची उत्तरे

मूल बोलत नाही असे लक्षात आले की घरातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘याचा बापही उशिराच बोलायला लागला होता.’ हे कधीकधी खरेही असते. काही मुले जरा उशिरा बोलू लागतात आणि पुढे सगळ्यांच्या बरोबरीला येतात. अडचण एवढीच की, कोणते मूल आपोआप बोलेल आणि कोणते बोलणार नाही, हे नुसती वाट पाहून कळत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

त्यानंतर उपाय सुरू होतात. पोपटाने चोच मारलेला पेरू मुलाला खायला देतात. पोपट बोलतो, तेव्हा त्याचे उष्टे खाल्ले की मूलही बोलेल, हा त्यामागचा विचार. बाळगुटीत वेखंडाचा वेढा थोडा जास्त देतात. वेखंडाला संस्कृतात ‘वचा’ म्हणतात आणि वाचेशी असलेले हे नावाचे नातेच या समजुतीला बळ देते. वेखंडाने मूल बोलू लागते याला आधार नाही. उलट वेखंडातील एक घटक अधिक प्रमाणात घातक ठरू शकतो, म्हणून तान्ह्या मुलावर असा प्रयोग न केलेला बरा. तिसरा उपाय म्हणजे जिभेखालची दोरी कापणे. ती दोरी फार आखूड असेल तर तान्ह्या बाळाला अंगावर पिताना त्रास होतो, क्वचित काही उच्चारही नीट होत नाहीत. परंतु केवळ त्या दोरीमुळे मूल मुळीच बोलत नाही, असे होत नाही.

या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे. पेरू जिभेवर ठेवायचा, वेखंड जिभेला चाटवायचे, दोरी जिभेखालची कापायची. सगळ्यांचे लक्ष मुलाच्या तोंडाकडे. कानाकडे कुणीच पाहत नाही.

वर्णमालेतले शास्त्र

तोंडाकडे मात्र आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने पाहिले होते. आपण मुलांना ज्या क्रमाने क, ख, ग, घ शिकवतो तो क्रम म्हणजे मुखाचा नकाशाच आहे. क-वर्ग कंठाकडून सुरू होतो, च-वर्ग टाळूपाशी, ट-वर्ग त्याच्या पुढच्या मूर्ध्यापाशी, त-वर्ग दातांपाशी आणि प-वर्ग ओठांवर येऊन संपतो. ध्वनी मागून पुढे येत जातात. पाणिनीय शिक्षेत उर, कंठ, शिर, जिह्वामूल, दात, नाक, ओठ आणि टाळू अशी वर्णांची आठ स्थाने मोजली आहेत. एकेका वर्गातील अक्षरांची मांडणीही सहेतुक आहे. तळहात तोंडासमोर धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हणून पाहा. ‘ख’ म्हणताना हवेचा झोत लागतो. गळ्यावर बोट ठेवून ‘क’ आणि ‘ग’ म्हणा. ‘ग’ च्या वेळी कंप जाणवतो. हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो आणि मुलांना फार आवडतो.

वैद्यकानेही वाचेच्या दोषांची नोंद घेतली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या प्रकरणात मूक, मिन्मिण आणि गद्गद असे तीन प्रकार येतात. मुळीच न बोलणारा, नाकातून गेंगाणे बोलणारा आणि अस्पष्ट, अडखळत बोलणारा, असा त्यांचा साधारण अर्थ. हे दोष वेगवेगळे आहेत, हे ओळखणे ही काही लहान गोष्ट नव्हे. आपल्या बोलीभाषेतही मुका, तोतरा, बोबडा, गेंगाणा असे वेगवेगळे शब्द आहेत. मात्र त्यांचा उपयोग निदानासाठी कमी आणि चिडवण्यासाठी जास्त होत आला.

जिभेकडून कानाकडे

जन्मतः बहिरी असलेली माणसे आवाज काढतात, पण बोलत नाहीत, हे ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले होते. पण पुढची अनेक शतके या निरीक्षणाचा अर्थ उलटाच लावला गेला. जो बोलत नाही त्याला बुद्धीही नाही, त्याला शिकवता येणार नाही, असे धरून चालण्यात आले.

ही समजूत प्रथम हलवली ती सोळाव्या शतकात स्पेनमधील पेद्रो पोन्से दे लेऑन या ख्रिस्ती साधूने. धनिक घराण्यांतील काही बहिऱ्या मुलांना त्याने लिहायला, वाचायला आणि बोलायलाही शिकवले. १६२० साली हुआन पाब्लो बोनेत याने या विषयावर पुस्तकच छापले. अठराव्या शतकात दोन वेगळ्या वाटा फुटल्या. पॅरिसमध्ये आबे द लेपे याने बहिऱ्या मुलांच्या खुणांचा आधार घेऊन शाळा चालवली. जर्मनीत सामुएल हायनिके याने १७७८ साली लायपझिग येथे शाळा काढली आणि तिच्यात तोंडी बोलण्यावर भर दिला. मार्ग वेगळे, पण दोघांनीही एक गोष्ट सिद्ध केली. या मुलांची जीभ शाबूत आहे आणि बुद्धीही शाबूत आहे; बंद आहे तो कान. मूल भाषा ऐकून शिकते. ज्याच्यापर्यंत भाषा पोचलीच नाही ते मूल ती बोलणार कुठून?

याच पॅरिसच्या शाळेत १८०० साली एक मुलगा आणण्यात आला. आव्हेरॉन भागातील रानात तो सापडला होता. वय अंदाजे अकरा-बारा. त्याला बोलता येत नव्हते. शाळेचा तरुण डॉक्टर ज्याँ इतार याने त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि त्याला शिकवण्यासाठी सुमारे पाच वर्षे चिकाटीने प्रयत्न केले. व्हिक्टर पुष्कळ गोष्टी शिकला, काही लिहिलेले शब्द ओळखू लागला. पण बोलणे मोजक्या शब्दांपलीकडे गेले नाही. तो मुळातच वेगळा होता की माणसांच्या सहवासाअभावी तसा झाला, यावर अजून वाद आहे. परंतु त्याच्या निमित्ताने एक प्रश्न शास्त्रापुढे कायमचा उभा राहिला. भाषा शिकण्याला वयाची काही मर्यादा आहे काय? १९६७ साली एरिक लेनेबर्ग या संशोधकाने आपल्या ग्रंथात असा काळ असावा हे सविस्तर मांडले. आज हे बऱ्याच अंशी मान्य आहे. पहिली तीन-चार वर्षे भाषेच्या पेरणीची. मृगाची पेरणी चुकली की पुढे कितीही पाऊस पडला तरी पीक बेताचेच येते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

मिलानचा ठराव आणि माझगावची शाळा

एकोणिसाव्या शतकात युरोपीय विद्वानांना संस्कृत व्याकरण आणि उच्चारशास्त्र यांची ओळख झाली. ध्वनी कुठे आणि कसा निर्माण होतो यावरून त्याचे वर्गीकरण करण्याची आपली पद्धत त्यांना फार मोलाची वाटली आणि आधुनिक ध्वनिशास्त्राच्या घडणीत तिचा वाटा आहे. १८६७ साली अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी ‘दृश्य वाणी’ नावाची लिपी प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक चिन्ह जीभ आणि ओठ यांची ठेवण दाखवते. त्यांचा मुलगा अलेक्झांडर ग्रॅहम बेल १८७१ पासून बॉस्टनमध्ये बहिऱ्या मुलांना या लिपीच्या आधारे बोलणे शिकवू लागला. टेलिफोनचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो; पण त्याचा पेशा बहिऱ्यांच्या शिक्षकाचा होता. १८७६ च्या टेलिफोनमागे ध्वनीचा हाच अभ्यास होता.

१८८० साली इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेले प्रतिनिधी जवळजवळ सर्व ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की, शाळांतून खुणांची भाषा बंद करावी आणि केवळ तोंडी भाषा शिकवावी. या ठरावाचा परिणाम जगभर झाला. मुलांचे हात बांधल्यासारखे झाले. केवळ ओठ पाहून भाषा समजणे किती अवघड आहे याचा अनुभव घ्यायचा असेल तर आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘बाळ’, ‘माळ’ आणि ‘पाळ’ असे म्हणून पाहावे. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. ज्या मुलाला ओठ वाचून जमले नाही, त्याच्या हाताशी मग कोणतीच भाषा उरली नाही. या ठरावाची चूक अशाच एका आंतरराष्ट्रीय परिषदेने कॅनडातील व्हँकूव्हर येथे २०१० साली कबूल केली. म्हणजे एकशे तीस वर्षांनी.

मिलानच्या परिषदेनंतर थोड्याच वर्षांत मुंबईत भारतातील पहिली बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. रोमन कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकात ती सुरू झाली. पुढे माझगावात स्थिरावलेली ही संस्था अनेक दशके ‘मूकबधिर’ मुलांची शाळा म्हणून ओळखली गेली. १८९३ साली कलकत्त्याला अशीच शाळा निघाली.

आता त्या काळच्या तुळजापूरची कल्पना करा. तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सोलापूर सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, पण ते इंग्रजी मुलखात, दुसऱ्या राज्यात. सोलापूरला १८६० मध्ये रेल्वे आली होती. तेथवर बैलगाडीने जाऊन पुढे साडेचारशे किलोमीटर मुंबई गाठणे, मुलाला तिथे वर्षानुवर्षे ठेवणे, हे सामान्य घराला कसे परवडावे? मुंबईत अशी शाळा आहे, ही बातमी तरी बालाघाटच्या डोंगरातल्या किती घरांपर्यंत पोचली असेल? म्हणून आम्ही म्हटले की, पदर पसरणाऱ्या आईला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिरगणतीतले मुके

सरकारदरबारी मात्र या मुलांची मोजदाद होत होती. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणत्यांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी असे चार रकाने असत. मुके आणि बहिरे यांचा रकाना एकच. ‘मूकबधिर’ हा जोडशब्द तसाच. कारण आणि परिणाम एकाच शब्दात गुंडाळलेले. पुढे १९४१ ते १९७१ या काळात ही मोजणी थांबली. १९८१ साली ती पुन्हा झाली तेव्हा पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके असे तीनच प्रकार विचारले गेले. बहिरेपणाचा प्रश्नच नव्हता! १९९१ मध्ये मोजणी नाही. २००१ मध्ये पुन्हा सुरू.

२००१ च्या जनगणनेत देशात वाचेचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे १६.४ लाख आणि ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची सुमारे १२.६ लाख भरली. २०११ मध्ये वाचेचा आकडा सुमारे २० लाख झाला आणि ऐकण्याचा एकदम ५०.७ लाखांवर गेला. दहा वर्षांत देशाचे कान चौपट बिघडले असे काही झाले नाही. विचारण्याची पद्धत आणि व्याख्या बदलल्या. आकडा मोजणाऱ्याच्या प्रश्नावर किती अवलंबून असतो, याचे हे चांगले उदाहरण वरच्या वर्गांना गणितात देता येईल. आणि आपल्यापुरता धडा असा की, घराघरांतून ‘मूल बोलते का?’ एवढेच विचारले तर बहिरेपणा दडून राहतो.

दरम्यान शब्दही बदलला. ‘मूकबधिर’ मागे पडून ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ झाला. अनेक शाळांच्या पाट्या बदलल्या. हा नुसता सभ्यपणाचा भाग नाही. त्या एका शब्दात शेकडो वर्षांच्या शोधाचे सार आहे. मूल मुके नाही. त्याला ऐकू येत नाही.

संस्था, यंत्रे आणि कायदे

स्वातंत्र्यानंतर या विषयाचे शिक्षण देशात मिळू लागले. १९६५ साली म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. त्याच दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ तयार होऊ लागले. ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत वांद्रे येथे कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. हे मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल. ज्या संस्थानात एकेकाळी तुळजापूर होते, तिथल्याच एका माणसाच्या नावाने मुंबईत ही संस्था उभी आहे.

ओठ आणि टाळू दुभंगलेल्या मुलांचा प्रश्न वेगळा. टाळूला फट असली की हवा नाकात जाते आणि बोलणे गेंगाणे होते. सुश्रुताचा ‘मिन्मिण’ येथे आठवतो. अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित वर्षानुवर्षे भारतात येऊन विनामूल्य शिबिरे घेत आणि दुभंगलेले ओठ शिवत. त्यांना स्वतःला स्वरयंत्राचा कर्करोग झाला होता. तरी हे काम थांबले नाही. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. अशा मुलांसाठी एक गोष्ट पालकांना जरूर सांगावी. शस्त्रक्रियेने टाळू जुळतो. पण जुनी सवय मोडून स्वच्छ बोलण्यासाठी पुढे वाचा-उपचार घ्यावे लागतात.

खरी क्रांती केली ती तपासणीच्या यंत्रांनी. तान्हे मूल ‘ऐकू आले’ असे सांगू शकत नाही. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांना आढळले की, निरोगी आंतरकर्ण आवाज ऐकल्यावर स्वतःही अतिशय क्षीण आवाज परत देतो. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानशी खुंटी बसवून हा प्रतिसाद काही मिनिटांत टिपता येतो. कानापासून मेंदूकडे जाणारे विद्युतसंदेश मोजण्याची पद्धत त्याआधी काही वर्षे सापडली होती. या दोन्हींमुळे जन्मानंतर काही दिवसांतच बहिरेपणाचा संशय घेता येऊ लागला.

त्याचा फायदा काय? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९८ साली १५० कर्णबधिर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७२ मुलांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला होता, ७८ मुलांचा त्यानंतर. लवकर ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. म्हणून आता एक महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत मदत, असे ध्येय सांगितले जाते. श्रवणयंत्र पुरेसे नसेल तर आंतरकर्णात बसवायचे कॉक्लिअर रोपण आहे. केंद्र शासनाच्या साहाय्यक उपकरणांच्या योजनेतून २०१४ पासून लहान मुलांना ते मिळू शकते आणि त्यासाठी वयाची अट आहे. म्हणजे उशिराची किंमत येथेही मोजावी लागते.

कायद्याला मात्र वाचा उशिरा ऐकू आली. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते; त्यांत ऐकण्याचा दोष होता, वाचेचा नव्हता. २०१६ च्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि वाचा व भाषेचे अपंगत्व स्वतंत्रपणे नोंदले गेले. खुणांच्या भाषेलाही मान मिळू लागला. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ साली स्वतंत्र केंद्र निघाले आणि २०१८ मध्ये सुमारे तीन हजार शब्दांचा पहिला कोश आला. मुलाला भाषा हवी; ती जिभेने येवो की हातांनी, हा मिलानमध्ये विसरलेला विचार अखेर परत आला.

तुळजापुरात आज

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात पालघर येथे झाली. या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे. जन्मजात बहिरेपणा, दुभंगलेले ओठ व टाळू आणि भाषेच्या विकासातील विलंब हे सर्व त्यांच्या यादीत आहे. पुढील उपचारांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर केंद्र ठेवण्याची तरतूद आहे. तुळजापूरहून धाराशिव वीस-पंचवीस किलोमीटर, सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय पाऊण-एक तासाच्या अंतरावर. पूर्वी वाटच नव्हती. आता वाट आहे, पण तिच्यावर मुलाला नेऊन सोडणारे कुणीतरी हवे.

यातला पहिला अडसर घरगुती परीक्षेचा आहे. ‘संबळ वाजला की लगेच वळून बघतो, मग बहिरा कसा?’ असे पालक विचारतात. पण संबळ किंवा देवळातली घंटा हे फार मोठे आवाज आहेत. काही वेळा मूल आवाजाला नव्हे, तर हादऱ्याला किंवा इतरांच्या हालचालीला वळते. काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात; पण ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखे बारीक ध्वनी येत नाहीत. मग त्यांच्यापर्यंत भाषा अर्धीच पोचते. म्हणून घंटेची परीक्षा पुरेशी नाही. यंत्राने तपासणी करायला हवी.

दुसरा अडसर आमच्यासारख्या शिक्षकांचा. आमच्याच वर्गातला दुसरीतला एक मुलगा आठवतो. फळ्यावरचे बिनचूक उतरवून घ्यायचा, श्रुतलेखनात मात्र सगळा घोटाळा. ‘सात’, ‘हात’ आणि ‘आत’ त्याला सारखेच. आम्ही त्याला दुर्लक्ष करणारा ठरवून शेवटच्या बाकावर बसवले. दर पावसाळ्यात त्याचा कान वाहतो, हे आम्हाला वर्ष संपता संपता कळले, तेही त्याच्या बहिणीकडून. उपचार झाल्यावर आणि पहिल्या बाकावर आल्यावर तो चांगला सुधारला. त्याचे वर्ष आम्ही घालवले, हे शल्य राहिलेच. कान फुटणे, पडद्यामागे पाणी साठणे या गोष्टी आपल्याकडे ‘चालायचेच’ म्हणून सोडून दिल्या जातात. शाळकरी मुलांच्या ऐकण्यात घट होण्याचे ते एक फार मोठे आणि बरे होण्यासारखे कारण आहे.

शिक्षकांनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. सहाव्या महिन्यात मूल आवाजाच्या दिशेने वळते. सात-आठ महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड सुरू होते. बहिरे बाळही आरंभी कूजन करते, हसते, रडते, त्यामुळे घरचे फसतात. पण ही बडबड त्याच्यात नीट फुलत नाही. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ‘आई ये’ असे दोन शब्द जोडले जातात आणि तिसऱ्या वर्षी परक्या माणसालाही मुलाचे बहुतेक बोलणे समजते. ‘र’ किंवा ‘ळ’ उशिरा आले तर घाबरायचे कारण नाही. तीन-चार वर्षांचे मूल काही काळ अडखळत बोलले तर त्याला ‘नीट बोल’ म्हणून टोकू नये. त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. अडखळणे काही महिन्यांनंतरही तसेच राहिले किंवा वाढले, तर तज्ज्ञाला दाखवावे.

न बोलण्याचे कारण दर वेळी कानातच असते असे नाही. स्वमग्नता, बौद्धिक वाढीतील विलंब, मेंदूला जन्मवेळी झालेली इजा अशी कारणेही असतात. मूल नजरेला नजर देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा आलेले शब्द विसरत असेल, तर हे तज्ज्ञाला जरूर सांगावे. पण कारण कोणतेही असो, पहिली पायरी कानाच्या तपासणीची, कारण ते कळल्याशिवाय पुढचे निदान होत नाही. आणि दुसरी पायरी, घरात मुलाशी भरपूर बोलत राहण्याची.

एक छोटा उपक्रम सुचवून थांबतो. नव्या वर्षाच्या आरंभी मुलांना विचारा, ‘तुमच्या घरी किंवा शेजारी दोन वर्षांचे होऊनही न बोलणारे कुणी आहे का?’ आईबापांना जे सांगायला संकोच वाटतो ते भावंडे सहज सांगतात. उत्तर वर्गात मोठ्याने न घेता मधल्या सुट्टीत ऐका, घरी जा आणि पथकाच्या भेटीची तारीख कळवा. जावळासाठी, नवसासाठी देवीला जायचे असेल तर घरच्यांनी खुशाल जावे. देवीचे दर्शन आणि कानाची तपासणी यांत भांडण नाही. फक्त एवढे सांगा की, नवस पुढच्या वर्षीही फेडता येतो, पण मुलाचे दुसरे वर्ष पुन्हा येत नाही.